वाचकांचे प्रश्न : आधी ए.एन.एम. करावे की थेट जी.एन.एम.?

बारावीचा निकाल लागला की या सदराच्या टपालात परिचर्या अभ्यासक्रमांविषयीची पत्रे वाढतात. यंदा त्यांतली बरीचशी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतून आली आहेत, आणि बहुतेकांचा रोख एकाच प्रश्नाकडे आहे : दोन वर्षांचा लहान अभ्यासक्रम (ए.एन.एम., म्हणजे सहायक परिचारिका व प्रसविका) आधी करून नंतर तीन वर्षांच्या मोठ्याकडे (जी.एन.एम., म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसविका) जाता येते का? त्यांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. नावे पत्रलेखकांच्या इच्छेवरून गाळली आहेत.

प्रश्न : आदरणीय ताई, माझी लेक यंदा कला शाखेतून बारावी झाली. तिला एकूण ५८ टक्के असून इंग्रजीत ४९ गुण आहेत. लहानपणापासून तिला नर्स व्हायचे आहे. गावातले एक गुरुजी म्हणतात की कला शाखेच्या मुलींना फक्त ए.एन.एम. मिळते, ते केल्यावर जी.एन.एम. आणि मग पदवी असे टप्प्याटप्प्याने चढता येते. आमच्या साडूंचा मुलगा अमेरिकेत असतो. तोही सांगतो की तिकडे पुष्कळ जणी आधी ‘प्रॅक्टिकल नर्स’ होतात, कमवायला लागतात आणि मग ‘रजिस्टर्ड नर्स’ होतात. गेल्या वर्षी वादळाने आमची केळीची बाग आडवी झाली, त्यामुळे हात आखडता आहे. दोन वर्षांत नोकरी लागत असेल तर बरे, असे घरात सर्वांना वाटते. काय करावे?
— एक शेतकरी, रावेर तालुका

उत्तर : भाऊ, तुमच्या गुरुजींचा हेतू चांगला असला तरी त्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्यामुळे तुमच्या लेकीची दोन वर्षे जाण्याचा धोका आहे. कला शाखेच्या विद्यार्थिनीला चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग करता येत नाही, हे बरोबर. कारण त्यासाठी बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय लागतात. परंतु तीन वर्षांच्या जी.एन.एम.साठी भारतीय परिचर्या परिषदेने विज्ञान शाखेला केवळ प्राधान्य दिलेले आहे, तिची सक्ती केलेली नाही. बारावी उत्तीर्ण, एकूण किमान ४० टक्के आणि इंग्रजीत स्वतंत्रपणे ४० टक्के, ही तिथली मुख्य अट आहे. तुमची लेक ती पुरी करते. तिच्यासमोर ए.एन.एम. हे एकच दार उघडे आहे, ही समजूत प्रथम मनातून काढून टाकावी.

आता अमेरिकेची गोष्ट. साडूंचा मुलगा सांगतो ते तिथल्यापुरते खरे आहे. तिकडे परवानाधारक प्रॅक्टिकल नर्सचे शिक्षण साधारण वर्षभराचे असते, त्यानंतर तिला स्वतंत्र परवाना परीक्षा द्यावी लागते आणि रजिस्टर्ड नर्सची परीक्षा निराळी असते. मुद्दा असा की तिथल्या अनेक महाविद्यालयांत प्रॅक्टिकल नर्ससाठी खास जोडअभ्यासक्रम असतात, ज्यांत तिच्या आधीच्या शिक्षणाचे काही श्रेयांक (क्रेडिट) धरले जातात आणि पुढचा काळ तेवढा कमी होतो. म्हणजे तिथे पहिली पायरी पुढच्या पायरीला खरोखर जोडलेली आहे. आपल्याकडे तशी जोडणी नाही. नोंदणीकृत ए.एन.एम. ही जी.एन.एम.च्या प्रवेशाला पात्र ठरते, एवढेच. पण प्रवेश मिळाल्यावर तिला पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागते आणि शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, परिचर्येची मूलतत्त्वे हे सारे बारावीतून आलेल्या मुलीच्या शेजारी बसून शिकावे लागते. दोन वर्षांतला एक महिनाही वजा होत नाही. त्यापुढे पदवी हवी असेल तर जी.एन.एम. आणि नोंदणीनंतर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावे लागते, आणि ए.एन.एम.वरून तिथे थेट उडी मारता येत नाही. गुरुजींनी सांगितलेला मार्ग दोन, तीन आणि दोन असा सात वर्षांचा होतो. थेट जी.एन.एम. करून पोस्ट बेसिक केले तर त्याच पदवीला पाच वर्षे लागतात.

वर्षांच्या हिशेबापेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती कामाची जात. दवाखान्यात येणारा माणूस पांढऱ्या कपड्यांतल्या प्रत्येकीला ‘सिस्टर’ म्हणतो, त्यामुळे घरच्यांना वाटते की ए.एन.एम. म्हणजे थोडी कमी शिकलेली नर्स. माझ्या मते ही समजूत ए.एन.एम.वर अन्याय करणारी आहे आणि मुलींची दिशाभूलही करणारी आहे. ए.एन.एम.च्या अभ्यासक्रमाकडे पाहिले तर त्यात सामुदायिक आरोग्य, पोषण, पर्यावरण स्वच्छता, लसीकरण, प्राथमिक उपचार, बालआरोग्य, प्रसूतिविद्या आणि आरोग्य केंद्राचे व्यवस्थापन हे विषय दिसतात. हे शिक्षण उपकेंद्र डोळ्यांसमोर ठेवून आखलेले आहे. सपाट प्रदेशात सुमारे ५,००० आणि आदिवासी वा डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे असे मानक आहे, आणि त्या लोकसंख्येतल्या प्रत्येक गरोदर बाईची नोंद, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचे इंजेक्शन, पुढे बाळंतपण आणि बाळाच्या लसी, तांबी बसवणे, आशाताईंना सोबत घेऊन घरभेटी करणे, आणि हे सगळे पुन्हा रजिस्टरांत व ऑनलाइन भरणे, असा तिचा दिवस असतो. शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णाची देखभाल, अतिदक्षता कक्ष, मनोरुग्णांची शुश्रूषा ही जी.एन.एम.च्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची सामग्री तिच्या वाट्याला फारशी येत नाही, कारण तिच्या कामाला ती लागत नाही. म्हणून लेकीला आधी एक प्रश्न विचारावा : तिच्या डोळ्यांसमोर नर्स येते तेव्हा ती वॉर्डात उभी असते की गावात घरोघरी फिरत असते? वॉर्ड दिसत असेल तर ए.एन.एम. हा त्या वॉर्डाकडे जाणारा जवळचा रस्ता नव्हे.

पैशाचे बोलायलाच हवे, कारण तुमच्या पत्रात ती काळजी आहे. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे जिल्हा परिषदेच्या नियमित आरोग्य सेविकेची, म्हणजे ए.एन.एम.ची, वेतनश्रेणी २५,५०० ते ८१,१०० रुपये आहे. शासकीय रुग्णालयातल्या अधिपरिचारिकेची, म्हणजे जी.एन.एम. किंवा पदवीधर नर्सची, ३५,४०० ते १,१२,४०० रुपये आहे. मात्र दोन वर्षे संपताच नियमित पद हाती पडेल असे धरून चालू नये. जिल्हा परिषदेची भरती दरवर्षी निघत नाही. मधल्या काळात कंत्राटी नेमणूक किंवा खासगी दवाखाना हेच पर्याय उरतात, आणि खासगी दवाखान्यात ए.एन.एम.ला जी.एन.एम.च्या हाताखाली, पुष्कळदा तितकेच काम करून, बऱ्याच कमी पगारावर राहावे लागते. मी परिचर्या शाळेत शिकवत असताना अशा मुली तीन-चार वर्षांनी पुन्हा प्रवेशासाठी यायच्या. हुशार असायच्या, हात तयार असायचा, पण तोवर लग्न झालेले, एखादे मूल झालेले, आणि तीन वर्षे पूर्णवेळ वसतिगृहात राहायला सासरची तयारी नसायची. ‘आधी हे करू, मग ते करू’ यातले ‘मग’ मुलींच्या बाबतीत फार वेळा येतच नाही, हे तुम्ही मुलीचे बाप आहात म्हणून स्पष्ट सांगते.

तुमच्या जागी मी असते तर लेकीचा जी.एन.एम.साठी अर्ज भरला असता, शासकीय संस्थांना पहिली पसंती दिली असती आणि शुल्क झेपण्यासारखे असेल तरच खासगीचा विचार केला असता. तिथे प्रवेश मिळाला नाही आणि घरची अडचण वर्षभर थांबू देणारी नसेल, तर ए.एन.एम. घ्यावे, ते वाया जात नाही. ‘जी.एन.एम. बंद होणार आहे’ असे कोणी सांगितले तर त्याने गोंधळून जाऊ नये. ती चर्चा काही वर्षांपूर्वी झाली होती. अभ्यासक्रम चालू आहे.

प्रश्न : ताई, मी धडगाव तालुक्यातील पाड्यावर राहते. आमची बोली पावरी आहे. बारावी विज्ञान शाखेतून पास झाले असून भौतिक, रसायन व जीवशास्त्रात मिळून ५१ टक्के आहेत. मी अनुसूचित जमातीतील आहे. मला शिकून आमच्याच भागात काम करायचे आहे. आई म्हणते की गावातच काम करायचे तर ए.एन.एम. पुरे. एका संस्थेने एक वर्षाचा नर्सिंग कोर्स आणि नोकरीची हमी असे सांगून पैसे भरायला सांगितले आहे. तिथे जाऊ का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : पहिल्यांदा त्या संस्थेचे. तिथे जाऊ नकोस, आणि पैसे भरले नसशील तर भरू नकोस. आपल्या राज्यात परिचारिका म्हणून काम करण्यासाठी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी लागते. ए.एन.एम. दोन वर्षांचे, जी.एन.एम. तीन वर्षांचे, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. नोंदणीच्या वाटेवर एक वर्षाचा अभ्यासक्रमच नाही. रुग्णसहायक, बेडसाइड सहायक अशा नावांची प्रशिक्षणे असतात आणि त्यांतून प्रामाणिक काम मिळतेही, परंतु त्यांना ‘नर्सिंग’ म्हणून विकणे ही फसवणूक आहे. असे प्रमाणपत्र घेऊन आलेल्या मुलींना प्रवेशाच्या टेबलावरून परत पाठवताना मला फार वाईट वाटत असे. त्यांचे वर्ष गेलेले असे, आणि बहुतेकींच्या घरी त्यासाठी बैल किंवा दागिना गेलेला असे.

आता आईचे म्हणणे. तू राहतेस त्या भागात ए.एन.एम.चे मोल काय आहे, हे तुला मी सांगण्याची गरज नाही. नर्मदेकाठच्या गावांत तरंगत्या दवाखान्यातून लसी पोचवणारी किंवा सिकलसेलच्या तपासणीसाठी पाड्यापाड्यावर चालत जाणारी सिस्टर तू पाहिली असशील. तिथे पावरी बोलणारी सिस्टर असणे आणि दुभाष्याच्या भरवशावर काम करणारी सिस्टर असणे यांत मोठे अंतर आहे. गरोदर बाई स्वतःच्या बोलीत जे सांगते ते मराठीत विचारल्यावर सांगत नाही. तरीही माझे उत्तर आईपेक्षा वेगळे आहे. गावात काम करण्यासाठी ए.एन.एम.च केले पाहिजे, असे आता राहिलेले नाही. बी.एस्सी. नर्सिंग झालेली मुलगी उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी होऊ शकते, ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका होऊ शकते, आणि पुढे मन बदलले तर नंदुरबारच्या किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही जाऊ शकते. ए.एन.एम. झालेलीला यांतली एकही वाट थेट मोकळी नसते.

बी.एस्सी. नर्सिंगसाठी खुल्या प्रवर्गाला विज्ञान विषयांत ४५ टक्के आणि तुला ४० टक्के लागतात. तुझे ५१ आहेत. राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. यंदाची संधी गेली असेल तर पुढच्या वर्षीची परीक्षा मनाशी धरून ठेव. खर्चासाठी महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो. राहण्याची सोय आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात होते, आणि तिथे जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजनेतून भोजन-निवासासाठी रक्कम खात्यात जमा होते. तुझ्या तालुक्याचे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय तळोद्याला आहे. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र यांची चौकशी तिथे जाऊन आजच सुरू कर, कारण मुलींचे प्रवेश अडतात ते गुणांपायी कमी आणि वैधतेच्या कागदापायी जास्त.

यंदाच प्रवेश हवा, घरी थांबणे शक्य नाही, अशी स्थिती असेल तर माझा दुसरा पर्याय जी.एन.एम. हा आहे आणि ए.एन.एम. तिसरा. आईला हे वाचून दाखव. तिची काळजी तू लांब जाशील याची आहे, असे मला तुझ्या पत्रातून वाटले. वसतिगृह पाहायला तिलाही सोबत ने.

प्रश्न : मी चोपडा तालुक्यात राष्ट्रीय आरोग्य अभियानातून अकरा वर्षे कंत्राटी ए.एन.एम. आहे. वय ३६ आहे. जी.एन.एम. करावे असे फार वाटते. पण पस्तिशी उलटल्यावर प्रवेश मिळत नाही असे सहकारी सांगतात. नोकरी सांभाळून करता येईल का?
— एक आरोग्य सेविका

उत्तर : वयाबाबत आपल्या सहकाऱ्यांनी सांगितलेली मर्यादा बारावीवरून येणाऱ्या उमेदवारांसाठी आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांत ए.एन.एम. आणि आरोग्य सहाय्यिकांना जी.एन.एम.साठी वयाची वरची अट घातलेली नाही. आपली नोंदणी चालू असली पाहिजे, एवढे मात्र तपासून घ्यावे. दर पाच वर्षांनी करावयाचे नूतनीकरण कामाच्या रगाड्यात राहून जाते आणि ऐन प्रवेशाच्या वेळी ते आठवते.

नोकरी सांभाळून हा अभ्यासक्रम करता येणार नाही. जी.एन.एम. पूर्णवेळ आहे, त्यात दिवसपाळी-रात्रपाळीचे वॉर्डातले प्रशिक्षण आहे, आणि शनिवार-रविवारी किंवा पत्राद्वारे तो करून देतो असे कोणी म्हणत असेल तर त्या माणसाच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. म्हणजे आपल्याला तीन वर्षे मानधनाशिवाय काढावी लागतील आणि परत आल्यावर तेच पद मिळेलच असे नाही. हा निर्णय मी आपल्यासाठी घेऊ शकत नाही, पण एक हिशेब मांडून पाहावा असे सुचवते. जी.एन.एम. पूर्ण होईल तेव्हा आपण चाळिशीच्या उंबरठ्यावर असाल. शासकीय भरतीतील आपल्या प्रवर्गाची वयोमर्यादा त्या वेळी ओलांडली जात असेल, तर जी.एन.एम.चा उपयोग मुख्यतः खासगी रुग्णालयात होईल, आणि तिथे अकरा वर्षांचा गावातला अनुभव पगारात फारसा धरत नाहीत, हे कटू असले तरी खरे आहे. वयोमर्यादेत बसत असाल आणि घरून तीन वर्षांचा आधार असेल, तर अवश्य जावे. बाळंतपणे हाताळलेली, माणसे ओळखणारी विद्यार्थिनी वर्गात असली की शिकवणाऱ्यालाही हुरूप येतो.

नियमित सेवेत असलेल्या ए.एन.एम.ना पाच वर्षांनंतर सहा महिन्यांचे पदोन्नती प्रशिक्षण घेऊन आरोग्य सहाय्यिका होण्याची वेगळी वाट आहे. नियमितीकरणाविषयी आपल्या संघटनेकडे काही हालचाल असेल तर तिचा अंदाज घेतल्याशिवाय राजीनामा देऊ नये.

प्रश्न : मी शिरपूर तालुक्यातील मुलगा आहे. मुलांना ए.एन.एम. करता येते का? आणि खासगी शाळा चांगली आहे की नाही हे प्रवेशाआधी कसे ओळखावे? घरी सगळे हसतात, पण माझा विचार पक्का आहे.
— बारावी उत्तीर्ण

उत्तर : ए.एन.एम. फक्त मुलींसाठी आहे. जी.एन.एम. आणि बी.एस्सी. नर्सिंग मुलांना करता येते, त्यामुळे आधी लहान की आधी मोठा हा प्रश्न आपल्यापुरता उरतच नाही. हसणाऱ्यांना हसू द्यावे. अपघात विभागात, शस्त्रक्रियागृहात आणि मनोरुग्णांच्या कक्षात पुरुष परिचारकाची वाट पाहिली जाते.

शाळेची पारख करण्यासाठी संस्थेच्या पत्रकावर विसंबू नये. भारतीय परिचर्या परिषदेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. त्यात संस्थेचे नाव, अभ्यासक्रम आणि जागांची संख्या ही तिन्ही जुळली पाहिजेत. एका अभ्यासक्रमाची मान्यता दाखवून दुसऱ्याचे प्रवेश घेतल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. राज्य परिचर्या परिषदेची मान्यता, आणि परीक्षा कोण घेते हेही विचारावे : जी.एन.एम.ची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाकडून होते, तर पदवीसाठी महाविद्यालय नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असावे लागते. दुसऱ्या राज्यातल्या संस्थेच्या नावाने येथे वर्ग भरत असतील तर तिथून उठून यावे. मूळ दहावी-बारावीची प्रमाणपत्रे संस्थेकडे कायमची ठेवण्याचा आग्रह धरला जात असेल तर पोच घेतल्याशिवाय ती देऊ नयेत. एकूण शुल्क, वसतिगृह, गणवेश आणि परीक्षा शुल्क धरून, लेखी मागावे.

शेवटची तपासणी कागदाची नाही. त्या शाळेचे विद्यार्थी प्रत्यक्ष कामासाठी कोणत्या रुग्णालयात जातात हे विचारावे आणि एखाद्या सकाळी आठच्या सुमारास कोणाच्या तरी भेटीच्या निमित्ताने त्या रुग्णालयात जाऊन यावे. एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असावेत असे परिषदेचे प्रमाण आहे. खाटा भरलेल्या असतील आणि विद्यार्थी ताप-नाडी घेत, अंथरुणे बदलत, सिस्टरच्या मागे औषधाची ट्रॉली फिरवत असतील तर शाळा बरी आहे. खाटा रिकाम्या असतील, किंवा एकाच रुग्णाभोवती गणवेशातले दहा-बारा जण वही घेऊन उभे असतील, तर शुल्क भरण्याची घाई करू नये.